गुरुजींच्या खुनाचा कट

ती घटना आठवली की मी आजही बसल्या बसल्या हसतो आणि घरातले माझ्याकडे काळजीने पाहतात. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नव्हतं. एक खून होण्याआधीच थांबवल्याच्या थाटात मी ठाण्यात वावरत होतो.

मुंबईत गिरण्यांचा संप चालू होता त्या काळातली गोष्ट. मी मूळचा घाटावरचा. रत्नागिरी जिल्ह्यात, वेळणेश्वरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाण्यात फौजदार म्हणून नवीनच गेलो होतो. दसरा झाला होता, भात पिकायला आलं होतं. एका सकाळी एस.टी. स्टँडजवळचा चहावाला दुधाची किटली घेऊन माझ्या टेबलाशी आला. तो आमचा खबऱ्या. महत्त्वाची बातमी असली की तो दूध द्यायच्या निमित्ताने यायचा.

“साहेब, रविवारी गुरजींना उडवणार हायत,” तो हळूच म्हणाला. “चौघं बसले व्हते चा पियाला. म्हणाले, गुरजी रोज सकाळी व्हाळावर पाण्याला येतो, तिथंच वाट धरू. कानामागं एकच बार. पोटात नको, पोटात लागला तर उलटून अंगावर येल.”

बोलणारा कोण, हेही त्याने सांगितलं. वाडीतला जाणता शिकारी, परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारा साठीचा शेतकरी. आणि गुरुजी म्हणजे त्याच वाडीत एकटे राहणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक, आजन्म ब्रह्मचारी. दोघांची शेतं लागून होती आणि शिकाऱ्याने बांध फोडला असा गुरुजींचा तक्रार अर्ज ठाण्यात पडून होता. हेतू, हत्यार, जागा, वार, सगळं जुळत होतं. मी डायरीत नोंद केली आणि गुरुजींच्या घरी एक शिपाई बंदोबस्ताला पाठवला. दुपारपर्यंत गुरुजींनी त्याला ओटीवर बसवून शुद्धलेखन घातलं होतं.

हवालदाराला घेऊन मी जीपने वाडीकडे निघालो. हवालदार तिथलाच, आतल्या गावचा. वाटेतच शिकारी समोरून आला. खांद्यावर बंदूक, अंगात फाटकी खाकी अर्धी चड्डी. मी विचारलं, “कुठे चाललास?” त्याने माझ्याकडे अतिशय दुःखी नजरेने पाहिलं, जागच्या जागी वळला आणि आल्या वाटेने चालू लागला. संशयित पळतोय म्हणून आम्ही मागे लागलो, तर हा आपल्या ओटीवर बसून शांतपणे पाणी पीत होता. निघालेल्या शिकाऱ्याला ‘कुठे’ विचारलं की त्याने परत फिरायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं, हे मला नंतर कळलं.

पंचनामा करून बंदूक ताब्यात घेतली. नळी आतून काळीकुट्ट होती. दारू ठासायला त्याच्याकडे फक्त काथ्या होता, तोही दारातल्या एकाच माडाच्या नारळांचा. दुसऱ्या माडाचा काथ्या तो वापरत नसे. चड्डीला वास येत होता. पारध ठरल्यापासून ती संपेपर्यंत ती धुवायची नाही असा त्याचा नेम होता. मला याचं फार नवल वाटलं नाही, कारण पोलिसांतले नेमबाज मी पाहिले होते. आमच्या जिल्ह्याचा एक पट्टीचा नेमबाज स्पर्धेला जाताना बायकोचा स्वेटर घालून जायचा, भर मे महिन्यातही.

ठाण्यात चौकशी सुरू झाली.

“रविवारी गुरुजींना मारणार होतास?”

“व्हय साहेब.”

इतकी सरळ कबुली माझ्या नोकरीत मला पहिल्यांदाच मिळत होती. मी खुर्ची पुढे ओढली. “का?”

“माजा शेत खाल्लान. रातचा येतो आन् बांध फोडतो.”

“बांध तू फोडलास. गुरुजींचा तसा अर्ज आहे.”

“मी कशाला फोडू? गुरजीनंच फोडलान. माजाबी आन् गुरजींचाबी.”

यातलं शेवटचं वाक्य मला नीट लागलं नाही, पण म्हाताऱ्या शिक्षकाला अरेतुरे करतोय याचाच मला जास्त राग आला. “एकटाच येतो का?” मी दरडावून विचारलं.

“नाय, बायकापोरांना घेऊन येतो.”

“बायका? किती बायका आहेत गुरुजींना?”

“पाच-सा तरी असतील, साहेब. आंधारात मोजता येत नाय.”

हवालदाराला ठसका लागला. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “साहेब, हे गुरुजी चार पायांचे असावेत.”

“म्हणजे कोण?” मी शिकाऱ्याला विचारलं. “नाव सांग.”

“नाव घेता येत नाय. पारध ठरली की नाव घ्यायचा नाय. घेतला तर येत नाय तो. म्हणून दुसराच नाव ठेवायचा.”

“हवालदार, तुम्ही सांगा.”

हवालदार खाली पाहू लागला. तोही शिकारीला जाणारा, आणि रविवारी त्यालाही बोलावणं होतं, फक्त ठरलेलं नाव त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. शेवटी त्याने दोन बोटं ओठांच्या कडांना लावून सुळे करून दाखवले.

“रानडुक्कर?” मी ओरडलोच.

दोघांनीही कानांवर हात ठेवले, पण उशीर झाला होता. त्याच क्षणी आमचा हत्यारांची निगा ठेवणारा जमादार आत आला. मुद्देमालाला हात लावू नये हे त्याला कळायला हवं होतं, पण मळकी बंदूक बघून त्याला राहवलं नव्हतं. “बघा साहेब, तेलपाणी करून नळी आरशासारखी केली,” तो म्हणाला.

शिकाऱ्याने नळीत डोकावून पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. यश दिलेली नळी तो कधी साफ करत नसे. “नाव घेतलात, नळी धुतलीत,” तो म्हणाला. “जंगलखात्याची परवानगी रविवारपातुर हाय. पोरगा संपामुळं बायकापोरं घेऊन घरी आलाय. ह्यो भात गेला तर वरीसभर त्यांना घालू काय?”

मला खरोखर वाईट वाटलं. कायद्याने मी काहीच चुकीचं केलं नव्हतं, तरी त्या माणसाच्या घरातला भात मीच उधळल्यासारखं मला झालं.

तेवढ्यात आपल्या बंदोबस्ताच्या शिपायाला घेऊन गुरुजीच ठाण्यात आले. सगळं ऐकून ते शिकाऱ्याकडे वळले. तो त्यांचाच जुना विद्यार्थी.

“माझंच नाव का दिलंस रे?”

“गुरजी, येळेवर येतो. आन् तो आला की सगळी पळत सुटतात, शाळेत तुमी आलात की पळायची तशी.”

गुरुजींनी चष्मा काढला. मग म्हणाले, “आणि माझा बांध त्याने फोडला?”

“व्हय. खूर हायत अजून चिखलात.”

गुरुजींनी माझ्याकडे अर्ज परत मागितला. मग चष्मा पुसत म्हणाले, “अंधश्रद्धा मला मान्य नाही. पण एक नाव बाटलं असेल तर दुसरं द्यावं, यात व्याकरणाची काही हरकत नाही. या साहेबांचं द्या. हेही कोणाला भीत नाहीत.”

शिकाऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मान डोलावली. बंदूक परत घेऊन तो गेला. नळीला पुन्हा काजळी धरावी म्हणून त्याने संध्याकाळी दरडीत दोन फुसके बार काढले, असं हवालदार म्हणाला.

रविवारी दुपारी चहावाला किटलीशिवायच धावत आला आणि भर स्टँडवरून ओरडत सुटला, “फौजदार पडला, कानामागं एकच बार.” मी ठाण्याच्या पायरीवर उभा होतो. मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठी मारली. एस.टी.तले लोक हे बघत होते, पण एस.टी. सुटली ती अर्धवटच ऐकून.

संध्याकाळी जिल्ह्याहून वरिष्ठांचा फोन आला. तुमच्या हद्दीत फौजदारावर गोळीबार झाल्याचं कळलं, कोण बोलतंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “सर, फौजदारच बोलतोय. भात वाचला.” पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. लेखी खुलासा मात्र मला द्यावा लागला.

पुढे माझ्या हाताखाली अनेक नवे अधिकारी आले. कबुली मिळाली की तपास संपला, असं त्या वयात वाटतंच. मी त्यांना एवढंच सांगायचो, की माणूस खरं बोलत असला तरी तो कोणाबद्दल बोलतोय ते आधी नक्की करा, आणि त्याला पाय किती आहेत तेही विचारून घ्या.