भित्र्या माणसाने पन्हाळा उतरावा का

सायकल ही सपाटीवरची वस्तू आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. मी कबनूरचा. कबनूर-इचलकरंजी रस्त्यावर आयुष्यभर सायकल मारली, सूत आणलं, कापड पोचवलं. पण जरा कुठे उतार दिसला की खाली उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं, हा माझा नेम. लोक विचारायचे, रुद्रेश मालक, पंक्चर झाली काय? मी सांगायचो, जरा हवा कमी आहे. माझ्या सायकलीतली हवा वर्षानुवर्षे फक्त उतारावर कमी होत आली.

मालक ही पदवीही तशीच. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचे चार माग. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, माझा काय तो खडखडाट. पण त्या खडखडाटात एक विद्या मी शिकलो होतो. माग किंचाळला की तेल मागतो. कुठे कुरकुर ऐकू आली की माझा हात आपोआप तेलाच्या कुपीकडे जायचा. घरातल्या दारांच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, देव्हाऱ्यातली घंटा, काहीही मी सोडलं नाही. घंटा त्यानंतर नीट वाजली नाही, ती गोष्ट वेगळी.

घरात सत्ता आक्काची. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कुरुंदवाडला दिली होती, नवरा गेल्यावर परत आली आणि आल्या दिवसापासून घर ताब्यात घेतलं. माझी बायको शिवम्मा आमच्या दोघांच्या मध्ये पडत नसे. पडून तिचं कधी भलं झालं नव्हतं.

माझी मुलगी विद्याश्री कोल्हापुरात कॉलेजला. गल्लीतल्या बाकीच्या पोरी कॉमर्स नाहीतर डी.एड. करत होत्या, आमच्या पोरीने भूगर्भशास्त्र घेतलं, म्हणजे दगड. त्यावर आक्का म्हणाली, दगड बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्या घरात एक आहेच की. बोलताना ती माझ्याकडे बघत होती.

ही गोष्ट दोन हजार दोन सालच्या हिवाळ्यातली. कॉलेजच्या प्रियदर्शनी मॅडमनी एक सहल काढली. सायकली टेम्पोत घालून पन्हाळ्यावर जायचं आणि वाटेत थांबत, खडकांचे थर बघत, सायकलीवरून खाली वाघबीळच्या फाट्यापर्यंत उतरायचं. आपला सगळा मुलूख ज्वालामुखीच्या रसाचा बनलाय आणि तो अंगावरून उतरल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. या सहलीला मार्क होते. विद्याश्रीने महिनाभर दुसरा विषय काढला नाही.

आक्काने दोन अटी घातल्या. पोरीबरोबर घरातलं माणूस पाहिजे आणि त्या माणसाने तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. पोरीशिवाय घरात सायकल येणारं माणूस एकच होतं आणि ते उतारावर सायकल हातात धरून चालायचं.

विद्याश्री शेडमध्ये आली. माग चालू होते, मी ऐकू येत नसल्याची खूण केली. तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे लाईट नको तेव्हाच जाते. चारही माग थांबले आणि सगळं ऐकू येऊ लागलं.

"अप्पा, तुम्ही न्हाय आलासा तर माझं बी ऱ्हातंय," ती म्हणाली.

हट्ट नाही, रडणं नाही. तिने हट्ट केला असता तर मी सुटलो असतो. मी म्हणालो, बघतो. आमच्याकडे बघतो म्हणजे नाही. पण ती बाहेर गेल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी मी एसटीने कोल्हापूर गाठलं.

मॅडमना मी माझ्याबद्दल विचारलं नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, म्हटलं, जरा बुजरे आहेत, त्यांना हा उतार मानवेल का? मॅडमनी शांतपणे सगळं सांगितलं. उतार अंगावर येणारा नाही, घाई कुणालाच नाही, मागून टेम्पो आहे, नको वाटलं तर चालत या, नाहीतर टेम्पोत बसा. फक्त ब्रेक ठाकठीक पाहिजेत. मी विचारलं, आणि ज्वालामुखी? तो निवून साडेसहा कोटी वर्षं झाली, असं कळलं. त्या गृहस्थांना तेवढ्याने धीर येईलसं वाटत नाही, मी म्हणालो. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही त्या गृहस्थांना घेऊनच या.

म्हणजे माझं सोंग त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. तरी घरी येताना मी खूश होतो. ब्रेक ठाकठीक ठेवणं हे यंत्राचं काम, आणि यंत्राच्या कामात मी कुणाला हार जाणारा नव्हे.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी सायकल अंगणात घेतली. चाक फिरवून ब्रेक दाबला. अशी किंकाळी उठली की शेजारचं कुत्रं उठून गेलं. उद्या ऐन उतारावर हे असं किंचाळलं तर? मी कुपी आणली. दांड्यांच्या सांध्यांना तेल दिलं, किंकाळी तशीच. मग ब्रेकच्या रबरांना दिलं, चाकाच्या कडेला गोल फिरवून दिलं. वर उरलेलं पुन्हा रबरांना. आता ब्रेक दाबला तर हूं की चूं नाही. आवाज बंद म्हणजे दुखणं बंद, हा आमच्या धंद्याचा नियम. त्या रात्री मला शांत झोप लागली, हे आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

सकाळी आक्काने माझ्या कपाळाला विभूती लावली, पोरीच्या नव्हे, माझ्या. शेजारच्याचं स्कूटरचं हेल्मेट मी मागून आणलं होतं. ते घातल्यावर विभूती कुणाला दिसली नाही.

टेम्पो जोतीराम नावाच्या माणसाचा होता. पन्हाळ्यावर त्याने सायकली उतरवल्या. मॅडमनी वरचा तांबडा जांभा दाखवला, मग रस्त्याच्या कडेचा काळा कातळ. डोंगराच्या तोंडातून धूर काढणारा ज्वालामुखी हा नव्हे, इथे जमिनीच्या भेगांतून रस आला आणि थरावर थर बसला. एक थर कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, असं त्यांनी विचारलं. विद्याश्री पुढे झाली आणि कातळावर बोट फिरवत सांगू लागली. मला त्यातलं काही कळलं नाही. पण माझ्या पोरीचं बोट दगडावरून असं फिरत होतं, जसं कापडातला तुटका धागा शोधताना माझं फिरतं. माझा ऊर भरून आला. भीतीही क्षणभर विसरलो, आणि त्याच भरात सायकलीवर बसलो.

सगळे पुढे, सर्वांत मागे मी, माझ्यामागे टेम्पो. विद्याश्री मुद्दाम हळू चालली होती आणि वळून वळून बघत होती. मी तिला हात केला. हात केला म्हणजे एक हात सोडला, आणि तेवढ्यात वळण आलं. मी ब्रेक दाबला. ब्रेक गप्प. दोन्ही दाबले. दोन्ही गप्प. एवढं सुरळीत चाललेलं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. पोरीला मागे टाकून मी पुढे गेलो. मग दोन्ही चपला रस्त्यावर टेकवल्या. कापशीच्या चपला, करकरीत कातडं, पण त्यांनीच त्या दिवशी माझी लाज राखली. वेग थोडा मोडला आणि मी डोंगराच्या बाजूच्या चरीत, करवंदीच्या जाळीत जाऊन बसलो. पडताना मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही.

विद्याश्री पहिली धावत आली. हातपाय चाचपले, खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. मग तिने माझ्या सायकलीच्या चाकाला बोट लावलं, बोट नाकाजवळ नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

"अप्पा, ब्रेकला तेल घातलंय?"

"किंचाळत हुतं की," मी म्हणालो.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने मुकाट्याने माझी सायकल टेम्पोत चढवली आणि मग स्वतःचीही चढवायला लागली. आक्काची अट होती, नजरेआड व्हायचं नाही. बाकीच्या पोरी खाली वळणावर थांबून हाका मारत होत्या आणि ती सायकल उचलत होती. माझ्यामुळे. मला राग आला, त्यातला थोडा आक्कावर होता आणि बाकी सगळा माझ्यावर.

"ठेव ती खाली," मी म्हणालो. "जा तू. मी येतोय मागनं."

"आक्का?"

"आक्काचं मी बघतो."

उभ्या जन्मात आक्काचं मी काही बघितलेलं नव्हतं, हे पोरीलाही ठाऊक होतं. तरी ती गेली. मी टेम्पोत जोतीरामच्या शेजारी बसलो, हेल्मेट तसंच डोक्यावर. खाली ती वळण घेत होती, न थांबता, वेणी पाठीवर उडत होती. मग एका वळणाला ती दिसेनाशी झाली.

"पोरगी भीत न्हाय तुमची," जोतीराम म्हणाला.

"माझ्यावर गेली न्हाय," मी म्हणालो, आणि टेम्पो जरा जोरात घ्यायला सांगावंसं वाटत असूनही सांगितलं नाही.

वाघबीळला ती उसाचा रस पीत उभी होती. माझ्यासाठीही एक ग्लास भरून ठेवला होता.

घरी आक्का दारातच. पोरगी नजरेआड झाली नाही ना, तिने विचारलं. मागंच होतो की, असं सांगायचं मी टेम्पोत पाठ केलं होतं. पण विद्याश्रीने मला बोलूच दिलं नाही. तिने तेल, करवंदीची जाळी, टेम्पो, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, पडताना अप्पा 'आक्का' म्हणून ओरडले.

मला ते तिथेच, सगळ्यांसमोर कळलं. या वयात, पोरीदेखत, आईचं नाही, देवाचं नाही, तर आक्काचं नाव. शिवम्माने तोंडाला पदर लावला. आक्का हसली नाही. तिने खाली वाकून माझी एक चप्पल उचलली आणि झिजून आरपार दिसणारा तळ बघितला.

"पुढच्या बारीला तिला एकटीला जाऊ दे," ती म्हणाली. "तू संगं गेलास की पोरीला डोंगर बघायचा सोडून तुला बघावं लागतंय."

विद्याश्री जागच्या जागी उभी राहिली. ऐकलं ते खरं का, म्हणून माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली. आता भित्री माणसं मला विचारतात, तो उतार आम्हाला मानवेल का? मी सांगतो, मला मानवला नाही. पण माझ्या पोरीला पुढचे सगळे डोंगर त्या दिवशी मिळाले आणि मी आजवर घरात कमावून आणलेली तेवढी एकच गोष्ट आहे, तीही करवंदीच्या जाळीत बसून.