मेजरचा ऑइलपेंट

दिवाळी उरकली की मी एकटाच मोटारसायकल काढतो आणि वाईच्या घाटापासून सांगलीपर्यंत तीन-चार दिवस जुनी देवळं बघत हिंडतो. उंब्रजच्या अलीकडे एका गावात देवळाबाहेर वीरगळ आहे, म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाचा कोरीव दगड. तिथेच तो भेटतो. फौजेतून निवृत्त झालेला, म्हणून गाव त्याला मेजर म्हणतं. मिशी पिळलेली, चालणं अजून परेडचं, आणि हातात ऑइलपेंटचा डबा. दरवर्षी तो त्या दगडाला चंदेरी रंग फासतो. "मेजर, नक्षी बुजतेय!" मी ओरडतो. ब्रश न थांबवता तो म्हणतो, "तुमी फोटू काढून जाता, पावनं. उनातान्हात हितं ह्यो हुबा हाय."

यंदा मात्र माझं डोकंच फिरलं. दगडाच्या तळाला तो वीर मरून पडलेला कोरला होता, ती चौकटच गायब. वर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा.

"हे काय केलंत? अक्कल आहे का?"

त्याने पहिल्यांदाच ब्रश खाली ठेवला. "किती वर्सं पडूनच ऱ्हायाचं त्येनं? मला न्हाई बगवत."

मी किक मारली, तर हँडल धरून म्हणाला, "गेल्या साली त्येचा फोटू काढलाय न्हवं तुमी? त्यो पन पुसून टाका."

"हात काढा!"

सांगली येईपर्यंत मी त्याला शिव्या घालत होतो. फोटो मी पुसलेला नाही, पुसणारही नाही. पण घरी आल्यापासून तो उघडून बघवलेलाही नाही.