काचेवरचा ठिपका

जानकाबाईंचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्यात आपलं काही चुकतंय असंही त्यांना वाटत नव्हतं. निरगुडसरच्या वस्तीत त्यांना पाठीमागं ‘सीआयडी’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. म्हणोत बापडे. दुधवाल्याचं माप त्या उलटं करून बघायच्या, टेलरकडून उरलेल्या चिंध्या मागून घ्यायच्या, आणि दारात वर्गणीला आलेल्या माणसाला पाणी देण्याआधी त्याचं गाव विचारायच्या.

तीस वर्षं सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीत नर्स म्हणून काढलेली बाई. बाळ जन्मलं की आधी मनगटाला आईच्या नावाची पट्टी, मग बाकीचं कौतुक. तीस वर्षांत एक बाळ इकडचं तिकडं झालं नाही. का? पट्टीमुळं. माणसाच्या चांगुलपणावर दवाखाना चालत नाही, असं त्या नव्या डॉक्टरांना तोंडावर सांगायच्या.

तर अशा या बाईच्या घरात, फडताळाशेजारी, गोधडीखाली झाकलेलं एक मशीन होतं. खरं म्हणजे तो व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, पण वस्तीत त्याला नुसतं मशीनच म्हणत. काळा लोखंडी डबा, दोन माणसांनी उचलावा असा. वर जुन्या रेडिओत असतात तसे, पण वांग्याएवढे चार काचेचे व्हॉल्व्ह, पुढं दोन लहान. जानकाबाईंचे यजमान कुंडलिक गायन पार्टीत गायचे. चौसष्ट साली ऐन भीमजयंतीच्या सकाळी भाड्याचा भोंगा दुसऱ्या कुणाच्या लग्नाला निघून गेला, आणि पार्टीला नुसत्या घशावर गावं लागलं. त्या रागात वस्तीनं वर्गणी केली. मुंबईला गोदीत कामाला असलेल्यांनी एका बंद पडलेल्या थेटरातून हे विलायती मशीन सोडवून आणलं. मालकी सगळ्या वस्तीची, ठेवायचं कुंडलिकांच्या घरी.

पुढं एकदा एका लग्नाला ते उसनं दिलं, तर परत येताना माईक वेगळाच आला. कुंडलिक म्हणाले, “जाऊ दे.” जानकाबाईंनी जाऊ दिलं नाही, तेव्हापासून मशीन उंबऱ्याबाहेर गेलं नाही. अठ्ठ्याऐंशी साली जयंतीतच त्यातून धूर निघाला आणि ते मुकं झालं. दोन वर्षांनी कुंडलिक गेले. वस्ती मग आळेफाट्यावरून भाड्याचे बॉक्स आणू लागली.

दोन हजार दोनच्या जानेवारीत पुण्याहून एक गृहस्थ आले. गळ्यात कॅमेरा. कुठून सुगावा लागला कोण जाणे. गोधडी बाजूला करून त्यांनी मशीनचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि म्हणाले, “आजी, असे देशात चार-पाच उरले असतील. हे मोठे व्हॉल्व्ह तर आता बनतच नाहीत. द्यायचं असेल तर मला आधी सांगा.” आणि आपलं कार्ड फडताळावर ठेवलं.

“वस्तीचं आहे. द्यायचं नाही,” जानकाबाई म्हणाल्या, आणि तो जाईपर्यंत त्याच्या पिशवीवरची नजर काढली नाही.

बातमी वस्तीत पसरली. चौदा वर्षं ज्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं, ते मशीन आता सगळ्यांना वाजवायचं होतं. जयंती कमिटीचे नानासाहेब घरी येऊन बसले.

“वैनी, जुन्नरला महंमद हनीफ म्हणून मिस्त्री हाये. वॉल्व्हचं काम जाणणारा तेवढा एकच राह्यलाय. त्याच्याकडं टाकू.”

“आणि त्यानं आतलं बदलून ठेवलं तर?”

“म्हणून तर तुमाला सांगतो. सोबत तुमीच जायाचं. जसं गेलं तसंच आलं पायजे. न्हाईतर वस्ती म्हनंल, जानकाबाईनं मशीन फुंकून टाकलं.”

हे नानासाहेब हसत म्हणाले. जानकाबाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. साठी उलटेपर्यंत जिच्याकडं बोट दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती, तिच्याकडं आता या डब्यापायी दाखवतील. त्यांनी सुनेला हाक मारली.

“अमृता, तुझी ती नखाला लावायची बाटली आण. लाल.”

“अगंबाई! आत्या, या वयात?”

“चावटपणा पुरे. आण.”

सहाही व्हॉल्व्हच्या काचेवर, कंडेन्सरच्या तिन्ही पत्र्याच्या डब्यांवर आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मरवर त्यांनी एकेक बारीक ठिपका दिला. मोजून अकरा. बाटली मात्र अमृताला परत मिळाली नाही.

जुन्नरला हनीफभाईंचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. साठीचा सडपातळ माणूस, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. “जय भीम, बाई,” म्हणून त्यांनी मशीन आत घेतलं, आणि जानकाबाईंना टेबलाच्या काचेखाली पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर त्या पुण्याच्या गृहस्थाचं कार्ड.  त्यांनी मनात त्याला संशयाची पट्टी बांधून टाकली.

“एकही वस्तू बदलायची नाही,” त्या म्हणाल्या. “बदललीच, तर जुनी माझ्या हातात द्यायची.”

“बरं.”

“आणि मी अधूनमधून येणार. न सांगता.”

“या की. आमची मंडळी, जन्नतबी, चहा करंल.”

फार लवकर हो म्हणतोय, जानकाबाईंना वाटलं.

हनीफभाईंनी मशीन थेट विजेला जोडलं नाही. मध्ये शंभरचा बल्ब लावला. बटण दाबलं तशी मशीनमध्ये काही हालचाल नाही, पण बल्ब लख्ख पेटला. “बघा. आत कोन तरी सगळा करंट पितोय. हा बल्ब नसता तर मशीनची आज राखच झाली असती.” आणि त्यांनी बटण बंद केलं. पुढं पाच आठवड्यांत जानकाबाई चारदा एसटीनं जुन्नरला गेल्या. कधी हनीफभाई एकेक जोड उघडून खरवडत असत, कधी दाढीच्या ब्रशनं ट्रान्सफॉर्मरवरची धूळ झाडत असत. घाई म्हणून नाही. जानकाबाईंना तोही संशयच. इतका निवांत माणूस पोट कशावर भरतो?

मार्चच्या शेवटी निरोप आला, मशीन तयार आहे. मुलगा नवनाथ टेम्पो घेऊन बाहेर थांबला. जानकाबाईंनी पिशवीतून बॅटरी काढली, चष्मा पुसला आणि दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांसमोर ठिपके तपासायला लागल्या. ट्रान्सफॉर्मर, दोन. बरोबर. कंडेन्सरचे डबे, तीन. बरोबर. लहान व्हॉल्व्ह, दोन. ठिपके काळपट पडलेले, पण होते. मोठे व्हॉल्व्ह.

एकावरही ठिपका नव्हता. काच स्वच्छ, चकचकीत.

“चोर,” जानकाबाई म्हणाल्या. आवाज चढलासुद्धा नाही. “त्या पुण्याच्या माणसाला विकलेत तुम्ही. कार्ड काचेखाली ठेवून बसलात, मला कळत नाही?”

गिऱ्हाइकं थिजली. आतून जन्नतबी पदर सावरत बाहेर आल्या. “बाई, जरा तोंड सांभाळून! चाळीस वर्सं झाली हितं, अजून कुनी असं बोललं न्हाई.”

“कुणी ठिपके लावले नसतील.”

हनीफभाई उठले नाहीत. “बाटली आणलीये का?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“लाल बाटली. लावा परत. हिथं, ह्याच काचंवर.”

बाटली पिशवीत होतीच. जानकाबाईंनी एका मोठ्या व्हॉल्व्हवर ठसठशीत ठिपका दिला. हनीफभाईंनी मशीन चालू केलं. व्हॉल्व्हच्या पोटात आधी पिवळट, मग नारिंगी ऊब दिसायला लागली. सगळे बघत उभे. पाव तासात जळका, उग्र वास सुटला. ठिपका फुगला, तपकिरी झाला, काळा पडला. हनीफभाईंनी मशीन बंद केलं, काच निवू दिली आणि स्पिरीटच्या फडक्यानं एकदा पुसली. काच स्वच्छ.

“मोठे वॉल्व्ह लई तापतात, बाई. हात लावला तर फोड येतो. चार दिवस चालवून बघितलं मी.”

“तुम्ही ठिपके बघितले होते?”

“पयल्याच दिवशी.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत, राहणार नाहीत म्हणून?”

“तुमी काय म्हणाला असता? पयल्याच दिवशी सबब तयार ठेवली म्हणून.”

अगदी हेच म्हणाल्या असत्या. पण म्हणून जानकाबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. डोकं शाबूत असलेली बाई होती ती. “ठिपका जळतो हे कळलं,” त्या म्हणाल्या. “व्हॉल्व्ह तेच आहेत, हे कुठं कळलं?”

“ते न्हाई कळत,” हनीफभाई म्हणाले. “ते मला दाखवता येत न्हाई.”

“आणि हे कार्ड?”

“तीनदा आला तो माणूस, पयल्यांदा तर मशीन यायच्या आदीच. म्हटला, ह्या मशीनचे वॉल्व्ह निघाले तर मला दे, दुसरे बसव, म्हातारीला काय कळतंय. चौथ्यांदा आला तर घरच्यांनी नाव वाचून दारातूनच वाटंला लावावा, म्हणून ठेवलंय.”

म्हणायला काय जातंय, जानकाबाईंच्या मनात आलं. त्यांनी पुन्हा कंडेन्सरच्या डब्यांवर बॅटरी धरली. तिथले ठिपके लाल, जसेच्या तसे. निदान एवढं तरी—

“ते बदललेत,” हनीफभाई म्हणाले.

“काय?”

“तिन्ही. आतलं कुजलं व्हतं, तेच करंट पीत व्हते. डबा बुडाशी कापला, पोट रिकामं केलं, नवा बारीक कंडेन्सर आत बसवला, परत झाळलं. वरनं तुमचा ठिपका हाय तसा. धक्का लागू दिला न्हाई.” त्यांनी खणातून वर्तमानपत्राची पुडी काढून जानकाबाईंच्या हातात ठेवली. आत काळपट, चिकट कागदाच्या तीन गुंडाळ्या होत्या. “तुमी म्हणाला व्हता, जुनं हातात द्या. हे घ्या.”

जानकाबाई पुडीकडं बघत राहिल्या. जिथं ठिपका उडाला तिथं हा माणूस म्हणतो मी काही केलं नाही, आणि जिथं ठिपका शाबूत तिथं म्हणतो मी बदललं. गप्प बसला असता तर मेलं कुणाला कळलं असतं? डबे कापून बघायला कोण जाणार होतं? तीस वर्षं त्यांनी खुणा तपासल्या होत्या. खूण शाबूत असताना आपणहून कबूल करणारा माणूस कधी तपासला नव्हता. त्याची पट्टी कुठं बांधायची ते त्यांना कळत नव्हतं.

“ऐकवा,” त्या म्हणाल्या.

हनीफभाईंनी माईक जोडला आणि पुढं केला. जानकाबाई माईकवर काय बोलणार? “एक, दोन,” त्या म्हणाल्या. दुकानाबाहेरच्या कर्ण्यातून त्यांचा आवाज रस्त्यावर गेला. भरदार, जाडसर, कुठं चिरकणं नाही. टेम्पोतला नवनाथ दचकून खाली उतरला. अशाच आवाजात कुंडलिक गायचे. पण त्यावर डोळे वगैरे पुसायला जानकाबाई त्यातल्या नव्हत्या.

पुडी त्यांनी कमरेला खोचली. “चोर म्हणाले ते परत घेते,” त्या गिऱ्हाइकांकडं तोंड करून म्हणाल्या, कारण ऐकलं त्यांनी होतं. मग जन्नतबींकडं वळून: “चहा राहिलाय माझा.”

“साखर बघून घ्या,” जन्नतबी म्हणाल्या, “मोजून चार दाणे टाकलेत.”

चौदा एप्रिलला सकाळी वंदना झाली आणि चौदा वर्षांनी वस्तीचं मशीन वाजलं. नानासाहेबांनी आधी टॉर्च घेऊन वाकून वाकून बघितलं.

“वैनी, मोठ्या वॉल्व्हवरचे ठिपके कुठायत? अमृतानं सांगितलं मला, ठिपके व्हते.”

“जळाले.”

“जळाले? आसं त्या मिस्त्र्यानं सांगितलं, आन् तुमी ऐकलंत? तुमी?”

जानकाबाईंनी कमरेची पुडी काढली, नानासाहेबांच्या तळहातावर ठेवली आणि तीन वाक्यांत सगळं सांगितलं. नानासाहेबांना ते पटलं की नाही, कळलं नाही. चेहरा तर पटल्यासारखा नव्हता. कदाचित पुढची दहा वर्षं वस्तीत कुणी ना कुणी ती शंका काढतही राहील. “वस्तीला काय सांगायचं ते मी सांगीन,” जानकाबाई म्हणाल्या. “मशीन माझ्या जबाबदारीवर गेलं होतं, माझ्याच जबाबदारीवर आलंय.”

हनीफभाई मशीनशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मुद्दाम बोलावून घेतलं होतं. दुपारी गर्दी वाढली, पोरं मशीनभोवती कोंडाळं करून उभी राहिली. हनीफभाई पाणी प्यायला उठायला लागले, तशी जानकाबाईंनी त्यांना हातानं खाली बसवलं.

“बसा, हनीफभाई. पाणी मी आणते. तुम्ही इथून हलू नका.” आणि पोरांकडं, मग नानासाहेबांकडं एक नजर टाकून त्यांनी आवाज जरासुद्धा न उतरवता सांगितलं, “मला आमच्या माणसांचा भरवसा नाही.”