निरुपद्रवी रिंगांचा फ्रीझर

सदर व्यक्तीचे वर्णन: स्त्री, वय सत्तावन्न, उंची मध्यम, आवाज उंचीच्या मानाने मोठा. पद: वैज्ञानिक ‘क’, बढतीस पात्र, बढती नाही. वैवाहिक स्थिती: विधवा (दाखला जोडला आहे). ताब्यातील संस्थेची मालमत्ता: उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर एक, खुर्ची एक, खुर्चीचा डावा हात नादुरुस्त. संशोधनाचा विषय: मानवी रक्तातील लहान वर्तुळाकार डीएनए असलेले विषाणू. सदर विषाणूंपासून होणारा आजार: निरंक. सदर व्यक्तीपासून होणारा त्रास: संचालकांच्या पत्रात स्वतंत्रपणे नमूद.

संस्थेत त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की रिंगमास्तर. हे दुसरं नाव बाईंना ठाऊक होतं, आवडतही होतं. पण आवडतं हे कळलं तर लोक ते सोडून देतील, म्हणून त्या ऐकू न आल्यासारखं करत.

ज्यांच्यापायी हे नाव पडलं, ते विषाणू म्हणजे डीएनएचा एक एकेरी धागा, टोकाला टोक जोडून झालेली रिंग, वर प्रथिनाचं कवच. संपलं. दोन-चार हजार अक्षरांचा सगळा मजकूर, आणि त्यात स्वतःची नक्कल काढायचं यंत्रसुद्धा नाही. पेशी आपल्या कामासाठी आपलं यंत्र चालू करते, तेव्हा हे मागच्या दाराने आत शिरून आपल्या चार प्रती काढून घेतात.

“ऑफिसच्या झेरॉक्सवर घरचे कागद काढणारा कारकून असतो ना, तसं,” बाई नव्याने आलेल्यांना सांगत. “फक्त हा कारकून शाई सांडत नाही आणि रजेचा अर्जही देत नाही.”

हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो यकृताला सूज आलेल्या एका रोग्यात. गुन्हेगार मिळाला म्हणून सगळे खूश. मग कोणी तरी धडधाकट माणसांचं रक्त तपासलं, तर त्यांच्यातही तोच. बघावं त्याच्यात तोच. झालं, जगाचा त्याच्यातला रस गेला. नाव मूळ त्या रोग्याच्या आद्याक्षरांवरून पडलेलं. पुढे वर्गीकरण करणाऱ्यांनी त्याच दोन अक्षरांत लॅटिनमधला ‘बारीक हार’ असा अर्थ बसवून दिला. गुन्हा चिकटेना, निदान दागिना चिकटवला.

पण आजार नाही म्हटल्यावर वर्गवारी करायची कशावरून? अक्षरांवरून. कवचाचं जनुक घ्यायचं, शेजारी शेजारी मांडायचं, आणि शंभरातली एकोणसत्तर अक्षरं जुळली की म्हणायचं, एक प्रजाती. त्याहून कमी जुळली तर वेगळी. म्हणजे शंभरात तीस ठिकाणी पटत नसलं तरी आपलेच. एवढी सूट बाईंना सासरी कधी मिळाली नव्हती.

बाईंचं काम असं की, शहरातली तीच ती कुटुंबं दर वर्षी बोलवायची, रक्त घ्यायचं आणि कोणाच्या अंगात कोणकोणत्या रिंगा आहेत ते बघायचं. प्रत्येकाचा संग्रह वेगळा. जन्मलेल्या पोराकडे काही नसतं आणि काही महिन्यांत त्याचंही दुकान मांडलेलं असतं. ते आलं कुठून? आईकडून, बापाकडून, की कडेवर घेणाऱ्या शेजारणीकडून? कोणाची रिंग कोणाकडे गेली, एवढाच प्रश्न. अकरा वर्षं बाई त्यामागे होत्या. कुटुंबंही चिकाटीची निघाली. एका सासूबाईंना तर रक्त घेतल्यावर मिळणाऱ्या बिस्किटांची इतकी गोडी लागली होती की त्या सुनेला ओढत आणत. सापडलेल्या रिंगांपैकी कित्येक आधीच्या कशाशीच जुळत नव्हत्या. बाईंनी त्यांच्यासाठी नव्या प्रजातींचे प्रस्ताव आंतरराष्ट्रीय समितीकडे पाठवले होते. उत्तर आलं होतं: विचाराधीन.

त्या वर्षी दुसराच एक विषाणू गावोगाव गाजायला लागला. तो सरळ माणूस आडवा करायचा. त्याच्यासाठी निधी आला, यंत्रं आली, नमुने येऊ घातले, आणि ते ठेवायला जागा नव्हती. संचालकांनी परिपत्रक काढलं: ज्यांच्या अपायाची नोंद नाही आणि ज्यांचं वर्गीकरण प्रलंबित आहे, असे जुने नमुने नष्ट करावेत.

अख्ख्या इमारतीत या दोन्ही अटींत बसणारा फ्रीझर एकच होता. बाईंनी परिपत्रक हातात धरलं आणि जिने चढून वर गेल्या.

संचालक वाईट माणूस नव्हता. टापटीप होता, हळू बोलायचा.

“मॅडम, बसा. जागेचा प्रश्न आहे हो.”

“मग माझी खुर्ची घ्या. तिचा एक हात असाही गेलाय.”

“चेष्टा नको. उद्या लोक विचारतील, माणसं पटापट मरत होती तेव्हा तुम्ही काय जपत बसला होता?”

“सांगा त्यांना, न मरणाऱ्यांच्या अंगात काय असतं ते जपत होतो.” बाई बसल्या नाहीतच. “तुमच्या किडनीवाल्या डॉक्टरांना विचारा. नवी किडनी बसवली की प्रतिकारशक्ती दाबायचं औषध देतात. ती दबली की या रिंगा वाढतात. त्या मोजून औषधाचा अंदाज येतो का, हे ते लोक तपासतायत. आता वाढल्या म्हणजे कशापेक्षा वाढल्या? धडधाकट माणसात किती असतात, वर्षावर्षाला किती बदलतात, हे कुठून आणणार? माझ्या फ्रीझरमधून.”

“ते होईल तेव्हा होईल. आज तरी यांचा कोणाला अपाय नाही.”

“अपाय नाही ही तक्रार आहे की काय?”

संचालकांनी चष्मा काढून पुसला. मग आवाज आणखी खाली आणला. “हे बघा, मला कळतं. एकेचाळीस-बची पेटी तेवढी राहू दे. मी संस्थेच्या समितीत सांगतो. सगळ्यांची सहानुभूती आहे तुम्हाला.”

एकेचाळीस-ब म्हणजे बाईंचे यजमान. अभ्यासाला माणसं मिळत नव्हती त्या दिवसांत बाईंनी घरूनच सुरुवात केली होती: स्वतः एकेचाळीस-अ, नवरा एकेचाळीस-ब. बसडेपोत इलेक्ट्रिशियन होता. उघड्या तारेला हात घालताना ज्याच्या कपाळावर आठी नाही, तो सुई बघितली की पांढराफटक पडायचा. दर वर्षी छताकडे बघत दंड पुढे करायचा आणि म्हणायचा, “काढ लवकर, रिंगमास्तर, नाहीतर मी पळालो.” दोन वर्षांपूर्वी डेपोतच छातीत कळ येऊन गेला. त्याची पेटी फ्रीझरमध्ये इतरांच्या ओळीतच होती, वेगळी काही खूण नाही. तरी ती कुठली हे सगळ्या संस्थेला माहीत होतं.

बाई खाली उतरल्या. जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की आपला संताप झालाय, आणि मघाशी परिपत्रक वाचून झाला होता त्यापेक्षा जास्त झालाय.

घरी जाऊबाई भाजी निवडत बसल्या होत्या. थोरल्या दिरांचं बिऱ्हाड खालच्या मजल्यावर. दीर गेल्यावर आणि मग बाईंचे यजमान गेल्यावर दोघींचा स्वयंपाक एक झाला होता. सगळं ऐकून जाऊबाई म्हणाल्या, “मग चांगलंच बोलला की तो. हो म्हण.”

“वहिनी, हो म्हटलं की बाकीचं सगळं भट्टीत जाणार.”

“जाऊ दे. लोकांचं रक्त ते. आपल्या माणसाचं तरी राहील. तिथं नको असेल तर घरी आण, ठेवू आपल्या फ्रीजमध्ये.”

“त्याला उणे ऐंशी लागतं.”

“बर्फाच्या खणात ठेवू.”

बाईंना हसू फुटलं. जाऊबाईंना नाही. “हसतेस काय? माझ्या हाताखाली वाढलेला दीर होता तो. त्याची एक वस्तू म्हणून उरली नाही, डेपोतली हत्यारांची पेटीसुद्धा लोकांनी वाटून घेतली. आणि तू तिथं तत्त्व सांगत बसणार.”

“मी हो म्हटलं तर काय होईल सांगू? उद्यापासून सगळे म्हणतील, बाई अकरा वर्षं काही करत नव्हती, नवऱ्याचं रक्त कवटाळून बसली होती. आणि ते खरं ठरेल. बाकीची कुटुंबं काय मग, माझ्या सोबतीला यायची?”

“म्हणू देत. लोकांच्या तोंडाला कुठं हात लावतेस?”

“तोंडाला नाही लावणार,” बाई म्हणाल्या आणि जाऊबाईंच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून घेऊन निवडायला लागल्या.

समिती पाहणीला आली तेव्हा भर दुपार होती. संचालक, दोन विभागप्रमुख, किडनीवाले डॉक्टर, टिपण घेणारी कारकून मुलगी, आणि फ्रीझरच्या दाराशी मामा. मामा म्हणजे शीतगृहाचा जुना मदतनीस. बर्फ खरवडण्यापासून दार नीट लागलंय का बघण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे. जागा अरुंद, सगळे एकमेकांना खेटून उभे, आणि मागच्या भिंतीपलीकडे ऑटोक्लेव्हची खोली. वापरून झालेलं सगळं तिथं वाफेत शिजवून मारतात.

संचालकांनी ठराव वाचला. सर्व नमुने नष्ट करावेत. तथापि, सदर वैज्ञानिकांची वैयक्तिक परिस्थिती पाहता, सहानुभूतीस्तव, पेटी क्रमांक एकेचाळीस-ब जतन करावी. सगळ्यांनी माना हलवल्या. असा ठराव मंजूर करायला कोणाच्या खिशातून काही जात नाही, उलट माणूस जरा चांगला असल्यासारखं वाटतं.

“झालं वाचून?” बाईंनी विचारलं. जाड हातमोजे घातले, फ्रीझर उघडला. वाफ खाली लोळली. एकेचाळीस-बची पेटी शोधावी लागली नाही.

“मामा, पिशवी.”

“कसली पिशवी?”

“कचऱ्याची. पिवळी.”

मामाने पिशवी दिली, आणि पेटीवरचा आकडा वाचून परत ओढायला गेला. “बाई, काय करताय? तुमच्या यजमानांची आहे ना ही?”

“म्हणूनच.”

“मॅडम,” संचालक म्हणाले, “ही तर ठेवायची ठरली आहे.”

“तुमचं ठरलं. मला कोणी विचारलं?”

पेटी आत टाकून बाईंनी पिशवीचं तोंड बांधलं, तिच्यावर वाफ पुरेशी लागली की रंग बदलणाऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवला, पलीकडच्या खोलीत नेऊन ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली आणि दाराचं चाक दोन्ही हातांनी आवळलं. बटण दाबल्यावर यंत्र नेहमीसारखं कण्हलं. समिती दाराशी गोळा झाली होती. किडनीवाले डॉक्टर जमिनीकडे बघत होते.

“एकेचाळीस नंबरचं जोडपं अभ्यासातून बाद,” बाई म्हणाल्या. “माझं नुकसान झालं, अभ्यासाचंही झालं. जाऊबाई आता वर्षभर बोलायची नाही. पण आता त्या फ्रीझरमध्ये माझं कोणी नाही. राहिली ती परक्यांची रक्तं. आता सहानुभूती बाजूला ठेवा आणि ठराव करा. कारण लिहा.”

कारकून मुलीने पेन सरसावलं. “सर, काय लिहू?”

“लिही, नमुने निरुपयोगी,” बाईंनीच सांगितलं. “आणि त्याखाली ज्यांना तसं वाटतं त्यांची सही. पूर्ण नाव, पद, तारीख.”

संचालकांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. एका विभागप्रमुखाने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याला फोन आल्यासारखं झालं.

“निरुपयोगी हा शब्द जरा...” पहिला म्हणाला.

“दुसरा सुचवा.”

“मी सही करणार नाही,” किडनीवाले डॉक्टर एकदम म्हणाले. “पुढे मागे मलाच हे लागलं, तर माझीच सही मला दाखवतील.” हे त्यांनी आधीच्या तीन बैठकांत म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा सही मागितली नव्हती.

सहानुभूतीला सही लागत नाही, त्यामुळे ती सगळ्यांना परवडते. कारणाला लागते. भिंतीपलीकडे यंत्र वाफ सोडत होतं आणि पेन एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं. शेवटी ते कारकून मुलीकडेच परत आलं. नव्या विषाणूचे नमुने तूर्त विभागप्रमुखांच्या मजल्यावर, जिथं एका फ्रीझरमध्ये गेल्या वर्षीच्या संमेलनाच्या भेटवस्तू होत्या, तिथं ठेवायचं ठरलं.

“तुम्ही हे ठरवून केलंत,” निघताना संचालक म्हणाले.

“नाही तर काय, रागाच्या भरात?” बाई म्हणाल्या. “राग होताच. पण फ्रीझर उघडेपर्यंत थंड झाला.”

आठवड्याने इतिवृत्त आलं: “सदर नमुने पुढील निर्णयापर्यंत आहेत त्या स्थितीत ठेवण्यात यावेत. सहभागी क्रमांक ४१-ब यांचे सर्व जैविक साहित्य समितीसमक्ष नष्ट करण्यात आले असून, सदर सहभागीचा कोणताही अंश संस्थेच्या आवारात शिल्लक नाही, याची समितीने खात्री केली आहे.”

सुरुवातीला फक्त ४१-ब मध्ये दिसलेल्या दोन रिंगा बाईंच्या या वर्षीच्या रक्तात आहेत, आणि बाई रोज साडेनऊला कामावर येतात.