दोन चित्रांतली पेटी

बाबांना सांगायचं होतं की तुमचा कान आता साथ देत नाही, आणि ते सांगायला मी त्यांना चित्रं बघायला बोलावलं. आमच्या घरात अवघड गोष्ट सरळ बोलायची रीतच नाही, त्यात माझाही दोष आहेच.

बाबा अकोल्याला हार्मोनियम दुरुस्त करतात. आम्ही तिला पेटीच म्हणतो. पुढच्या खोलीत चादर अंथरून ते पेटी खोलतात आणि भाग ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं मांडतात, खर्जाचे सूर डाव्या हाताला, वरचे उजव्या. लहानपणी त्या चादरीच्या आसपास फिरकायची आम्हाला बंदी होती. पेटी बंद करताना प्रत्येक स्क्रूची खाच ते उभी ठेवणार म्हणजे ठेवणारच. पुन्हा कधी पेटी आली, तर मधे कोणी खोलली होती का, ते त्यांना बघताक्षणी कळतं.

मी अमरावतीत शाळेत चित्रकला शिकवते. भीमगीतं गाणारे एक काका मला बडनेरा स्टेशनवर भेटले. त्यांच्या पार्टीची पेटी वर्षानुवर्षं बाबांकडेच येते. चहा पिता पिता ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या बाबानं लावले तरी वरचे सूर बेसूर वाजून राहिले होते. आमी दुसरीकडून लावून घेतले. मंग भाता फाटला तं तुमच्या बाबाकडंच नेली, पन सुराचं काई बोललो नाई. तुमीच सांगा त्यायले."

सांगितलं तर बाबा काम सोडतील, अशी मला भीती होती. नाही सांगितलं तर एकेक गिऱ्हाईक असंच गुपचूप दुसरीकडे जाणार, आणि बाबा दार उघडं ठेवून बसून राहणार.

तेवढ्यात अमरावतीत संगीतावरच्या आधुनिक चित्रांचं प्रदर्शन लागलं. रविवारी बाबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी ठरवलं होतं, चित्रं बघू, मग चहाला बसू, तेव्हा बोलू.

पहिल्या चित्रात पेटीच होती, पण तुकड्या-तुकड्यांत. भाता समोरून, पट्ट्या वरून, कडी बाजूनं, सगळं तपकिरी आणि राखाडी. मी शिक्षिकेच्या आवाजात सुरू झाले की चित्रकारानं वस्तू एकाच वेळी सगळ्या बाजूंनी दाखवली आहे, वगैरे. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "खोलून असंच टाकून देलं काय यानं?"

"दुरुस्तीला नाही खोलली बाबा. चित्र आहे ते."

"ते समजलं मले. पन मांडनी चुकली. भाता पट्ट्यायच्या मधात कसा येईन?" मग जवळ जाऊन त्यांनी काळ्या पट्ट्या मोजल्या. दोन कमी भरल्या. त्यांना चित्रकाराची खरोखर काळजी वाटू लागली होती, आणि मला हसू आवरेना.

दुसरं चित्र मला जास्त आवडलेलं. त्यात वाद्यच नव्हतं. डावीकडे जाड काळपट निळे पट्टे, पुढे ते बारीक होत, तांबडे, मग पिवळे, आणि उजवीकडचा हातभर कॅनव्हास कोराच. पहिल्यानं वाद्य दाखवलं आणि आवाज आपल्यावर सोडला, दुसऱ्यानं आवाज दाखवला आणि वाद्य सोडून दिलं. शाळेत मुलांना सांगायला हे वाक्य बरं आहे, असं माझ्या मनात चाललं होतं. बाबा मात्र तिथून हलेनात.

"हे पेटी हाय," ते म्हणाले.

"यात कुठली पेटी?"

त्यांनी हवेतच बोट डावीकडून उजवीकडे नेलं. "इकडं खर्ज. हे मधले. हे वरचे." चित्राकडे असं चादरीसारखं बघायचं मला कधी सुचलं नसतं. चित्रकाराच्या मनात तरी होतं की नाही, कोण जाणे. बोट कोऱ्या भागावर थांबलं. "अन् इथं?"

"इथं त्यानं मोकळं सोडलंय. शांतता असेल."

"शांतता नाई. इथं सूर हायेत. त्याले आयकू येत नसन." मग बोट खाली घेऊन म्हणाले, "मले बी नाई येत."

इतके दिवस घोळवलेलं वाक्य आता नको झालं होतं.

"त्या गानेवाल्यायची पेटी आली होती भात्यासाठी," ते चित्राकडे बघतच म्हणाले. "सुराच्या फळीवरच्या स्क्रूच्या खाचा आडव्यातिडव्या होत्या. तवाच समजलं. तुले सांगू कसं, हेच पाहून राहिलो होतो."

चहा आम्ही घेतला, पण बोलायचं काही उरलं नव्हतं. गाडीत बसताना त्यांनी फक्त विचारलं, "शनवारी सुट्टी असते ना तुले?"

शनिवारी मी अकोल्याला गेले. चादरीवर कोणाची तरी पेटी खोलून ठेवली होती. मी उजव्या टोकाला बसले. ते सुराची पितळी पट्टी कानशीनं हलकेच घासायचे, फळी बसवायचे, मी भाता मारून ऐकायचे. "अजून थोडा चढवा." ते पुन्हा फळी काढायचे, पुन्हा घासायचे. वरचे सात सूर लावायला दुपार गेली. बाबा एकदाही चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

शेवटी त्यांनी पेचकस घेतला आणि स्क्रू बसवले. सगळ्या खाचा उभ्या. उजवीकडची शेवटची मात्र आडवी राहिली. मला वाटलं, नजरही गेली की काय. मी ती सरळ करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे," म्हणाले. "ते खाच तुही हाय."