केवलराम काकाजींची भोकांची पेटी

आमगावच्या केवलराम काकाजींना कुणी विचारलं, तुमचं काम काय, तर ते सांगतात, "मी हवा बंद करतो." विचारणारा नवा असेल तर बुचकळ्यात पडतो. मग काकाजी मागे ओळीनं उभ्या असलेल्या पत्र्याच्या कोठ्यांकडे हात करतात. आमच्याकडे धान घरात येतं तेव्हा ते ठेवायला प्रत्येकाला कोठी लागते. त्या कोठीत हवा शिरली की ओल शिरते आणि ओलीच्या मागोमाग सोंडे किडे. म्हणून काकाजींनी चाळीस वर्षं एकच गोष्ट केली. पत्रा कापायचा, कडा दुमडायच्या, रिबिटा मारायच्या आणि एकही फट ठेवायची नाही.

कोठी तयार झाली की तिची परीक्षा व्हायची. आत पेटता टॉर्च ठेवायचा, झाकण लावायचं, दुकानाचं दार ओढून घ्यायचं आणि चारी बाजूंनी डोळे लावून पाहायचं. तिळाएवढा जरी उजेड बाहेर आला तरी कोठी नापास. गिऱ्हाईक म्हणालं, जाऊ द्या ना काकाजी, एवढ्याशानं काय होते, तरी ते ती कोठी देत नसत. अशा माणसाकडे मी कपड्यांची पेटी करून मागायला गेले. पुढे जे झालं त्यात चूक कुणाची हे मी नंतर सांगते. थोडी माझीही होती.

मी नूतन. गोंदियाला कुडव्यात एका खोलीत राहते. एक खोली म्हणजे खरोखर एकच. त्यात मी, माझा नवरा लीलाधर, आमची रीता, एक दिवाण, एक शिलाई मशीन आणि कोपऱ्यात गॅस. मी ब्लाऊज, ड्रेस, लहंगे शिवते. लीलाधर राईस मिलमध्ये जातो, पण मिलचं काम हंगामाचं. मशीन मात्र बारा महिने चालते, आणि घरही तिच्यावरच चालतं. शिवलेले कपडे ठेवायचे कुठे, हे तेवढं सुटत नव्हतं. घरमालकानं भिंतीला खिळा ठोकायची मनाई केलेली, म्हणून खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधून मी त्यावर कपडे लटकवत होते. दोरीच्या खाली गॅस.

एकदा एक बाई नवा ब्लाऊज घेऊन परत आली. म्हणाली, "नूतनबाई, शिलाई चांगली हाय, पन ब्लाऊज घातला का भूक लागते." मिरचीच्या फोडणीचा वास होता तो. मी हसले, पण ती गेल्यावर रडले. ती बाई पुन्हा आली नाही, आणि तिच्या ओळखीच्या आणखी दोघी यायच्या बंद झाल्या. शिवणारीचं नाव असंच जातं, आवाज न करता.

लोखंडी कपाट दारातून आत येईना. कापडाचं घडीचं कपाट आणलं, ते महिन्यात वाकलं आणि दुसऱ्या महिन्यात उंदरानं त्याला खालून दार पाडलं. मग मी विचार केला की दार आणि मशीन यांच्यामध्ये जी सव्वादोन फुटाची जागा आहे तिच्याच मापाचं काहीतरी शिवलं पाहिजे. मला दुसरं काही येतच नाही, म्हणून मी ब्लाऊजसारखा त्याचा कागद कापला. वर्तमानपत्रं चिकटवून खरोखरच्या मापाची पेटी कापली. पाच फूट उंच, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. पेटी उभी राहील, मधोमध पुस्तकासारखी उघडेल. एका अर्ध्या भागात हँगर लटकवायला पाईप, दुसऱ्यात चार खण. खाली चाकं, म्हणजे काम असेल तेव्हा ओढायची, उघडायची, काम झालं की जागेवर ढकलायची.

माझ्या सासूच्या घरी काकाजींची कोठी आहे. तिनंच त्यांचं नाव सांगितलं. कागदाची गुंडाळी घेऊन मी आमगावला गेले. काकाजींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी कोठ्या करतो बाई. कपड्यातलं मले काई समजत नाही."

"मले पत्र्यातलं नाही समजत काकाजी," मी म्हटलं, "म्हनून तं आली."

मी त्यांच्या दुकानात जमिनीवर कागद पसरला. ते उभ्याउभ्याच पाहत होते. मग कागदाभोवती एक चक्कर मारली. मग उकिडवे बसले. त्यांनी आजवर नकाशावरून काम केलं नव्हतं, सगळी मापं हातात होती. पण हा कागद खरोखरच्या मापाचा होता, त्यावर झोपता आलं असतं. त्यांनी कडेवर बोट फिरवलं आणि विचारलं, "हे चार बोटं जास्ती कायचे?"

"तुमी दुमडान ना. आमी शिलाईले सोडतो तसे सोडले."

काकाजींनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "चार नाही लागत," ते म्हणाले, "दीड बस झाले." आणि खिशातून खडू काढून माझ्या कागदावर रेघ मारली. तेव्हा मला कळलं की काम होणार.

पंधरा दिवसांत मी तीन वेळा आमगावला गेले. त्यांची बायको रुख्मिणीकाकी दर वेळी चहा द्यायची आणि दर वेळी तेच बोलायची. "चाळीस वर्स लोकायच्या धानाले घर करून देल्लं यानं. माह्या लुगड्याले अजून बोचकंच हाय." काकाजी ऐकत नसल्यासारखं रिबिट मारत बसायचे. हँगरची रुंदी सतरा इंच असते हे त्यांना माहीत नव्हतं. भरलेल्या खणाचं वजन दारावर आलं की बिजागरी लोंबते हे मला माहीत नव्हतं. त्यांनी जड खण खाली घेतला, चाकं दारावाल्या भागालाही लावली. माझ्या कागदात नसलेल्या अशा किती गोष्टी त्या पेटीत आहेत, आणि त्या त्यांनी मला मोजून दाखवल्या नाहीत. शेवटी दोन्ही भाग जिथे मिटतात तिथे त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. आत टॉर्च ठेवला, दार ओढलं. आम्ही तिघांनी चारी बाजूंनी पाहिलं. कुठेच उजेड नाही. "पास," काकाजी म्हणाले. मी तर टाळ्या वाजवल्या.

पेटी घरात आली आणि खोली मोठी झाली. दोरी सोडली. फोडणीचा वास गेला. गिऱ्हाइकांसमोर पेटी ओढून उघडताना माझी मान जरा ताठच असायची. अशात आषाढात मुन्नीबाई आल्या. आमगावकडच्या पोवार समाजातल्या, घरी चांगली शेती, बोलणं सरळ. मुलगी रविता हिचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. मुन्नीबाईंनी स्वतःच्या लग्नातला शालू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ह्याचा लहंगा कर. दुसरा शालू भेटते बाजारात, हा नाही भेटत."

मी तो लहंगा जीव ओतून शिवला. पाणी शिंपडून इस्त्री केली आणि लगेच पेटीत लटकवला. माझी चूक ती हीच. त्यानंतर सात दिवस पावसानं उघडीप दिली नाही. आठव्या दिवशी पेटी उघडली तर ओल्या पोत्याचा वास आला. लहंग्याच्या अस्तरावर आणि एका कळीवर, म्हणजे घेराच्या एका पट्टीवर, पांढरी बुरशी बसली होती.

मी काकाजींना फोन लावला आणि जे बोलू नये ते बोलले. तुमच्या पेटीनं शालू खाल्ला म्हटलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "वास कसा येते?" मी सांगितलं. "उद्या येतो," म्हणाले.

सकाळच्या गाडीनं ते आले. पिशवीत हातोडी, छिन्नी आणि थोडी बारीक जाळी. पेटी उघडली, आत डोकं घातलं आणि तसेच राहिले. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"ह्ये तं कोठी झाली," ते म्हणाले. "धान मी लोकायले वाळवून भरायले सांगतो. कपडा तं मानसाच्या अंगावरचा. त्यात घाम राहते, इस्त्रीचं पानी राहते. त्याले सास घ्याले हवा पाह्यजे. माह्या ध्यानातच नाही आलं."

मी इस्त्रीचं सांगितलं. ते म्हणाले, तरी पेटीनं ते पाणी बाहेर जाऊ द्यायला पाहिजे होतं. त्यांनी पेटीवर खडूनं वर दोन ओळी आणि खाली दोन ओळी आखल्या. छिन्नी ठेवली, हातोडी उचलली आणि थांबले. मला वाटलं, माप चुकलं असेल. पण माप बरोबर होतं. चाळीस वर्षं ज्या हातानं भोकं बुजवली त्या हाताला धड पत्र्यात भोक पाडवेना. पहिल्या ओळीतली भोकं वाकडीतिकडी पडली, एक तर खडूच्या रेघेच्या पार बाहेर गेलं. दुसऱ्या ओळीपासून हात सरळ झाला. आतून उंदीर-झुरळांसाठी जाळी लावली आणि ट्यूबची पट्टी ओढून काढून पिशवीत टाकली.

तोवर मी लहंगा सावलीत वाळवून मऊ ब्रशनं झाडला होता. खराब कळी काढून तिथे पदराचा उरलेला तुकडा बसणार होता, अस्तर नवं घालायचं होतं. कुणाला कळलं नसतं. मी काकाजींना तसं सांगितलं.

"सांगा लागते," ते म्हणाले.

"काकाजी, माहं काम जाईन. मुन्नीबाई बोलल्या तं अर्धं आमगाव ऐकते."

"म्हनून तं मी येतो संगं."

मला त्यांचा राग आला, खरं सांगते. भोकं पाडून गाडीनं निघून जायचं, तर हे माझ्या पोटावर पाय द्यायला निघाले असं वाटलं. पण ते चपला घालून दारात उभे राहिले, आणि मला लहंगा पिशवीत भरावा लागला.

आम्ही पोचलो तेव्हा मुन्नीबाई ओसरीतच होत्या. मी पिशवी उघडायच्या आधी काकाजी बोलले. "पेटी मी केली होती. तिच्यात हवा नाही ठेवली. बाईच्या शिलाईत खोट नाही, दोष माहा हाय."

मी म्हटलं, "इस्त्री ओली होती. तो दोष माहा."

मुन्नीबाईंनी लहंगा हातात घेतला. कळी पाहिली, अस्तर पाहिलं, नाकाला लावून वास घेतला. मग भडकल्या, आणि भडकायलाच पाहिजे होतं. आमच्या दोघांची वयं, अक्कल, धंदा, सगळं काढलं. मी मान खाली घालून उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर काम नसलेली, फडक्यानं झाकलेली मशीन आली.

मग त्या एकदम थांबल्या आणि काकाजींना निरखून पाहत म्हणाल्या, "तुमी कोठीवाले केवलराम काय?"

"हो."

त्या उठल्या आणि आतल्या खोलीचं दार लोटलं. आत काकाजींची जुनी कोठी उभी होती. "बावीस वर्स झाले," मुन्नीबाई म्हणाल्या. "एक सोंडा नाही घुसला. धानाले हवा लागू देल्ली नाही तुमी, म्हनून शालूलेही नाही देल्ली. आता काय बोलू मी तुमाले?" त्या पुन्हा ओसरीत येऊन बसल्या. लहंग्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळल्या. "न सांगता कळी बदलून देल्ली असती, अन मले मंग समजलं असतं, तं तुले दारात उभी नसती केली. बस. कळी नीट लाव. आंदनातले सारे ब्लाऊज बी तूच शिव." आणि काकाजींना, "रवितासाठी अशीच पेटी पाह्यजे. तिले पुन्याले एकाच खोलीत राहा लागते. पन भोकंवाली करा."

परत येताना रस्ताभर एकच मनात होतं. ज्या माणसाला मी फोनवर टाकून बोलले त्यानंच माझं काम राखलं होतं.

रविताचं लग्न झालं. लहंग्यातली बदललेली कळी कुठली, हे आता मलाही शोधावं लागतं. रविताची पेटी पुण्याला गेली. दुसरी रुख्मिणीकाकीला मिळाली, आणि लुगड्याच्या बोचक्याचं तिचं बोलणं संपलं. आता ती म्हणते, पेटी जरा ठेंगणीच केली. कुडव्यात, गोंदियात आणखी काही खोल्यांमध्ये त्या पेट्या उभ्या आहेत. काकाजी आता भोकं अशी पाडतात की रांगोळीच्या ठिपक्यांसारखी सरळ.

मागच्या महिन्यात ते आमच्याकडे आले तेव्हा माझ्या पेटीकडे पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, "हा वरचा पत्रा बदलून देतो. लाज वाटते मले."

"नाही बदलायचा," मी म्हटलं.

"काऊन?"

मी मोबाईलचा टॉर्च लावला, पेटीत ठेवला, पेटी मिटली. खिडकीचा पडदा ओढला आणि खोलीचं दार लावलं. समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके उमटले, दोन ओळी खाली, दोन वर. सगळ्यात वरची ओळ वाकडीतिकडी, आणि तिच्यातला एक ठिपका रेघ सोडून लांब. काकाजी कितीतरी वेळ त्या एकट्या ठिपक्याकडे पाहत उभे राहिले.

"काकाजी," मी विचारलं, "पास का नापास?"

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "पास," म्हणाले, आणि मी दार उघडून चहा टाकला.