अकोल्यात गळ्याची सोनोग्राफी, आणि येताना करवंदं

मे महिन्यात अकोले तालुक्यात हौसेने कोणी जात नाही. धबधबे आटलेले, काजवे अजून यायचे. मी गेले, कारण माझा वर्गमित्र तिथे छोटं हॉस्पिटल चालवतो आणि त्याचे नेहमीचे भूलतज्ज्ञ सुट्टीवर होते. मीही भूलच देते, नगरला, गेली बावीस वर्षं. हल्ली मी भुलीआधी गळ्याची सोनोग्राफी करायला शिकले आहे. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत नळी सहज जाईल की अडेल, याचा त्यावरून अंदाज येतो. नव्याचे नऊ दिवस चालू होते, म्हणून लगेच हो म्हटलं.

सकाळी साडेसहाची एसटी घेतली. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनो, गाडी काढू नका. राहुरीपर्यंत रस्ता खोदलेला होता, कंबर सांभाळा. संगमनेरला गाडी बदलावी लागते. स्टँडबाहेरचा वडापाव बरा, चहा मात्र पाक. मशीन सोबत नेलं का, असं परतल्यावर घराशेजारच्या बाईंनी विचारलं. सोनोग्राफीचं मशीन असं पिशवीतून फिरवायला कायद्याने बंदी आहे, ते तिथलंच वापरायचं होतं. माझ्या पिशवीत चष्मा आणि चपात्या होत्या.

पेशंट होती कमल, राजूरपलीकडच्या वाडीवरची, पस्तिशीची. पित्ताशयात खडे झालेले, दर पंधरवड्याला कळ येऊन आडवी व्हायची. नवरा साखर कारखान्यावर कामाला, म्हणून सासरे घेऊन आले होते. भूल इथे धोक्याची वाटली तर नाशिकला पाठवू, असं मित्राने त्यांना आधीच सांगितलं होतं. भाताच्या आवणीआधी उरकायला हवं, असं कमलचं म्हणणं. खाली बघतच ती म्हणाली, "नाशिकला मी न्हाई जायाची. हितं हुत आसंल तर करा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

मी तिला तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटंसुद्धा जाईनात. मशेरी लावता का विचारलं, तर मान हलली. झालं, तंबाखूने गाल आखडलेत, नळी घालणं अवघड, नाशिकच बरं. मी चिठ्ठी लिहायला पेनही उघडलं. मित्र म्हणाला, ज्यासाठी एवढी आलीस तो गळा तरी बघ.

गळ्यावरचा पदर काढायचा म्हणून शैला सिस्टरनी कॉटभोवती पडदा ओढला. सासरे स्टुलावर, पडद्याबाहेर राहिले. हनुवटीखाली जेल लावून मी प्रोब टेकवला. कातडीपासून श्वासनलिकेच्या झाकणापर्यंतचं अंतर अगदी थोडं दिसलं, म्हणजे लक्षण सोप्या गळ्याचं. जीभ बाहेर काढा म्हटलं. स्क्रीनवर जीभ सरसर पुढे सरकली, म्हणून मी मान वर केली. कमलच्या दाढा दिसत होत्या. तीन बोटं आरामात गेली असती.

मघाशी का नाही उघडलं, असं मी विचारलं.

"मामंजी हुते ना म्होरं," ती हळूच म्हणाली.

कापडाच्या पडद्याआड सगळं ऐकू जातं. म्हातारा स्टूल सरकवून उठला. "मला सांगायचं हुतं पोरी, भाईर बसलो आसतो," एवढं बोलून तो पायऱ्यांवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी पहिल्या खेपेला गेली. सोनोग्राफी अंदाज देते, हमी नाही, त्यामुळे अडचणीच्या वेळचं सामान मांडून ठेवलं होतं. ते तसंच उचललं. कमल शुद्धीवर आली आणि पाणी मागू लागली. मला बरं वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

दुपारी जीपने भंडारदऱ्याला गेले. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तासभर हाताशी ठेवा. धरणात पाणी कमी होतं. नाचणीची भाकरी आणि ठेचा चांगला मिळतो. पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली, ती घरी पोचेपर्यंत निम्मी मऊ पडली.

आता तपासणीआधी मी सोबतच्या सगळ्यांना बाहेर बसवते. त्याला मशीन लागत नाही, आणि हे मला बावीस वर्षं सुचलं नव्हतं. तोंड उघडत नाही, मोठ्या हॉस्पिटलला न्या, अशा चिठ्ठ्या मी बऱ्याच बायकांना दिल्या आहेत. त्यांच्यासमोर तेव्हा कोण बसलं होतं, ते मी पाहिलं नाही. त्यातल्या किती जणी पुढे गेल्या आणि किती घरी परतल्या, तेही मी कधी विचारलं नाही.